एसएमपीएस गेल्यावर काय काय जातं?

संगणकाचं बटण दाबलं तरी पंखा हलत नाही, मागच्या बाजूनं जळका वास येतो. दुकानात नेला की निदान दोन शब्दांत होतं: ‘एसएमपीएस गेला.’ त्यानंतरचा प्रश्न जास्त धास्तीचा असतो. सोबत आणखी काय गेलं? मदरबोर्ड वाचला का, प्रोसेसर शाबूत आहे का, हार्ड डिस्कमधला कित्येक वर्षांचा हिशेब, लेकराबाळांचे फोटो, अर्धवट राहिलेला प्रबंध यांचं काय? बाजारात याची दोन ठरलेली उत्तरं मिळतात. कुणी म्हणतं, नवा एसएमपीएस टाका, सगळं चालू होईल. कुणी म्हणतं, सगळंच जळलंय, आता नवीनच घ्या. ही दोन्ही उत्तरं बहुतेकदा मशीन उघडण्याआधीच तयार असतात. पहिल्यावर विसंबणाऱ्याचा डेटा जातो, दुसऱ्यावर विसंबणाऱ्याचा पैसा.

या विषयावर कारागिरांत, अभियंत्यांत आणि हौशी मंडळींत बरीच जाण साठलेली आहे, पण ती विखुरलेली आहे आणि तिच्यात समजुतींची भेसळही आहे. तिची छाननी करून एक सूत्र मांडावंसं वाटतं. नुकसान विजेच्या वाटेनं खाली उतरतं: भिंतीतल्या सॉकेटमधून एसएमपीएसमध्ये, तिथून मदरबोर्डवर, मदरबोर्डवरून प्रोसेसर आणि रॅमकडे. तपासणीही त्याच वाटेनं, वरून खाली, एकेक पायरी उतरत गेली पाहिजे. टाळता येण्यासारखं बहुतेक नुकसान पहिल्या धक्क्यात होत नाही. ते नंतरच्या घाईत, पायऱ्या गाळल्यामुळे होतं.

पेटीच्या आत काय चालतं

एसएमपीएस म्हणजे स्विच्ड मोड पॉवर सप्लाय. घरगुती संगणकात ही पद्धत रुळली ती १९७७च्या ॲपल टू या यंत्रापासून. त्याचा पुरवठा रॉड होल्ट यांनी आखला होता. १९८१च्या आयबीएम पीसीत अवघ्या ६३.५ वॉटचा पुरवठा होता. आज एकटं ग्राफिक्स कार्ड त्याच्या कितीतरी पट वीज खातं, पण आतलं तत्त्व तेच आहे.

भिंतीतली २३० व्होल्टची वीज आधी फ्यूज आणि फिल्टरमधून जाते. मग ती डीसी होते. साध्या पुरवठ्यात तिथं सुमारे ३२५ व्होल्ट साठतात. पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असेल तर ३८० ते ४०० व्होल्ट. ट्रान्झिस्टर ही डीसी वीज सेकंदाला हजारो वेळा तोडतात, ती छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे जाते आणि १२, ५ आणि ३.३ व्होल्ट होऊन बाहेर पडते. अलीकडची उच्च दाबाची बाजू आणि पलीकडची संगणकाची बाजू यांत तारेचा थेट सांधा नसतो. पलीकडे व्होल्टेज किती झालं याची खबर अलीकडे येते तीही प्रकाशाच्या मार्गानं, ऑप्टोकप्लर नावाच्या चिपमधून. ही आडभिंत म्हणजेच संगणकाचं सर्वांत मोठं संरक्षण.

१९९५ साली इंटेलनं आणलेल्या एटीएक्स मानकानं या पेटीला शिस्त लावली. १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या वाटांना वरखाली ५ टक्क्यांची मुभा आहे: १२ व्होल्ट म्हणजे ११.४ ते १२.६, ५ व्होल्ट म्हणजे ४.७५ ते ५.२५. पिवळी तार १२ व्होल्टची, लाल ५ची, नारिंगी ३.३ची, काळी ग्राउंडची. जांभळ्या तारेवर स्टँडबायचे ५ व्होल्ट संगणक बंद असतानाही चालू असतात. करड्या तारेवर ‘वीज ठीक आहे’ असा संकेत येतो. व्होल्टेज स्थिरावल्यावर किमान १०० मिलिसेकंद थांबून एसएमपीएस तो देतो आणि मगच मदरबोर्ड प्रोसेसरला जागा करतो. चांगल्या पुरवठ्यात जादा व्होल्टेज, कमी व्होल्टेज, शॉर्ट सर्किट, जादा भार आणि जादा तापमान यांवर पहारा असतो. काही बिघडलं की पेटी स्वतःहून बंद होते. म्हणून ‘एसएमपीएस बंद पडला’ आणि ‘एसएमपीएसनं घात केला’ या दोन वेगळ्या घटना आहेत.

मरणाच्या चार तऱ्हा

पहिली तऱ्हा सर्वांत भीतिदायक वाटते. मोठा आवाज होतो, ठिणगी दिसते, घरातला एमसीबी पडतो. बहुतेकदा अलीकडच्या बाजूचा ट्रान्झिस्टर किंवा एसीची डीसी करणारा ब्रिज शॉर्ट होऊन फ्यूज उडालेला असतो. पण अशा वेळी ट्रान्सफॉर्मरपलीकडे वीज जाणंच थांबतं, बाहेरचे १२ आणि ५ व्होल्ट खाली येत शून्य होतात. आवाज मोठा असला तरी मदरबोर्ड वाचण्याची शक्यता इथंच चांगली असते. जुन्या पुरवठ्यांच्या पाठीवर ११५ आणि २३० असा लाल स्विच असे. आपल्याकडे तो चुकून ११५वर सरकवला की आतलं सर्किट व्होल्टेज दुप्पट करी, साडेसहाशेच्या आसपास व्होल्ट दोन कपॅसिटरांवर येत आणि ते फुटत. धमाका जबर, पण घाव मुख्यतः अलीकडच्या बाजूवर.

दुसरी तऱ्हा खरी घातक, आणि तिचा आवाज होत नाही. पलीकडची खबर अलीकडे नेणारी साखळी तुटली की पुरवठ्याला आपण किती देतोय हे कळत नाही आणि व्होल्टेज चढत जातं. पहारा चोख असेल तर क्षणात पेटी बंद होते. स्वस्त पेटीत तो पहारा ढिला असतो किंवा नसतोच. जुन्या स्वस्त पुरवठ्यांतलं स्टँडबाय सर्किट कारागिरांत यासाठी बदनाम आहे. त्यातला एक छोटा कपॅसिटर सुकला की जांभळ्या तारेवरचे ५ व्होल्ट बरेच वर चढतात आणि संगणक बंद असतानाच मदरबोर्ड मारतात. रात्री नीट बंद केलेलं मशीन सकाळी उठतच नाही, त्यामागे हे एक कारण असू शकतं.

तिसरी तऱ्हा म्हणजे हळूहळू खंगणं. कपॅसिटरमधला द्रव उष्णतेनं सुकत जातो. तापमान १० अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य ढोबळमानानं निम्मं होतं, असा या क्षेत्रातला ठोकताळा आहे. मग सरळ असायला हवी ती डीसी वीज थरथरू लागते. एटीएक्स मानकाप्रमाणे ही थरथर १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्ट आणि ५ व ३.३ व्होल्टवर ५० मिलिव्होल्टच्या आत हवी. ती वाढली की संगणक मध्येच रीस्टार्ट होतो, खेळ किंवा व्हिडिओचं काम सुरू केलं की बंद पडतो, फाइली खराब होतात. विंडोजच्या नोंदीत ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसतं. ती नोंद एवढंच सांगते की मशीन नीट बंद न होता थांबलं. अनेकजण तिलाच निदान समजतात, ते बरोबर नाही.

चौथी तऱ्हा पेटीबाहेरची: सैल किंवा जळालेला जोड. चारपिनी जुन्या जोडातून साटा जोड काढणारी साच्यात ओतलेली स्वस्त केबल आतल्या आत शॉर्ट होऊन पेटते. २०२२मध्ये आरटीएक्स ४०९० ग्राफिक्स कार्डांचे सोळापिनी जोड वितळले, तेव्हा जोड पूर्ण न बसणं हे मुख्य कारण कंपनीनं दिलं. पुढच्या सुधारित जोडात संकेताच्या पिना आखूड केल्या, म्हणजे अर्धवट बसलेल्या जोडातून मोठी वीज मागितलीच जाऊ नये.

वाटेवरचे भाग: कुणाला किती धोका

प्रोसेसरला एसएमपीएसची वीज थेट कधीच मिळत नाही. मदरबोर्डवरचं व्हीआरएम १२ व्होल्टमधून साधारण एक-सव्वा व्होल्ट तयार करतं. त्यामुळे १२ व्होल्टवरचा धक्का आधी व्हीआरएमचे ट्रान्झिस्टर झेलतात. बऱ्याचदा तिथंच नुकसान थांबतं आणि बोर्ड जातो, प्रोसेसर राहतो. पण १२ व्होल्टकडचा वरचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर पूर्ण १२ व्होल्ट प्रोसेसरवर येतात आणि तो वाचत नाही. ग्राफिक्स कार्डाचीही रचना अशीच असते.

डीडीआर४ रॅम बोर्डानं बनवलेल्या १.२ व्होल्टवर चालते. घरगुती डीडीआर५मध्ये मात्र व्होल्टेज घडवणारी चिप रॅमच्या पट्टीवरच बसते आणि तिला बोर्डाकडून ५ व्होल्ट येतात. म्हणजे नव्या मशीनमध्ये ५ व्होल्टच्या वाटेवरची गडबड रॅमच्या आणखी जवळ आली आहे.

सर्वांत उघडी असते ती हार्ड डिस्क. मोठ्या आकाराची डिस्क ५ व्होल्ट सर्किटला आणि १२ व्होल्ट मोटरला, थेट एसएमपीएसकडून घेते. अडीच इंची एसएसडी ५ व्होल्टवर चालते. मध्ये मदरबोर्ड नसतो. म्हणूनच पुष्कळ डिस्कांच्या सर्किटवर टीव्हीएस डायोड बसवलेले असतात. जादा व्होल्टेज आलं की ते स्वतः शॉर्ट होतात आणि पुढचा भाग वाचवतात. नंतर ती डिस्क जोडली की नवा एसएमपीएससुद्धा सुरू होत नाही, आणि ‘डिस्कही गेली’ असा निकाल लागतो. खरं तर पहारेकऱ्यानं जीव देऊन आतला ऐवज राखलेला असू शकतो. जाणकार तंत्रज्ञ तो डायोड काढून डिस्क तेवढ्यापुरती चालवतो आणि डेटा उतरवून घेतो. तशाच दुसऱ्या डिस्कचं सर्किट लावून पाहण्याचा जुना तोडगा आता सहसा चालत नाही, कारण त्या विशिष्ट डिस्कची जुळवणी तिच्या सर्किटवरच्या छोट्या चिपमध्ये असते. ती चिपही हलवावी लागते. डेटा मोलाचा असेल तर घरी प्रयोग करू नयेत.

यूएसबीला लावलेल्या वस्तूंनाही ५ व्होल्ट मिळतात आणि काही बोर्डांवर स्टँडबायचेही. धक्क्यानंतर बाहेरची डिस्क, पेन ड्राइव्ह, कीबोर्ड हेही संशयितांच्या यादीत घ्यावेत. बॅकअपची डिस्क कायम मशीनला जोडून ठेवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं: मूळ आणि नक्कल दोन्ही एकाच पुरवठ्याच्या तोंडी दिलेली असतात.

कुठली चाचणी काय सांगते

सर्वांत लोकप्रिय चाचणी क्लिपची. २४पिनी जोडातली हिरवी तार काळीशी जोडली की एसएमपीएस बोर्डाशिवाय सुरू होतो. तिच्याबद्दल दोन टोकाची मतं आहेत: पंखा फिरला म्हणजे पुरवठा चांगला, असं काहीजण मानतात, ही चाचणी निरुपयोगी, असं काहीजण. खरं दोन्हींच्या मध्ये आहे. पंखा फिरलाच नाही तर पुरवठा गेला असण्याची शक्यता मोठी असते. फिरला तर तो सुरू होतो, एवढंच कळतं. भाराखाली व्होल्टेज टिकतं का, हे कळत नाही.

मल्टिमीटर एक पायरी पुढे नेतो. डीसी २० व्होल्टच्या रेंजवर काळी पिन काळ्या तारेला आणि लाल पिन एकेका तारेला लावून आकडे ५ टक्क्यांच्या चौकटीत आहेत का ते पाहावं. जांभळ्या आणि करड्या तारा बघायला विसरू नये. मात्र मीटर सरासरी दाखवतो. थरथर पाहायला ऑसिलोस्कोप लागतो. म्हणून मीटरवर आकडे नीट असूनही मशीन भाराखाली पडत असेल तर पुरवठ्यावरचा संशय संपत नाही.

शेवटची आणि सर्वांत बोलकी चाचणी अदलाबदलीची. घोटाळा सर्वांत जास्त इथंच होतो. नियम सोपा आहे: वीज देणारा भाग संशयित असेल तर त्याला चांगला घेणारा भाग जोडू नका. संशयित एसएमपीएस चालतोय का हे पाहायला शेजारचा धडधाकट संगणक वापरू नये. व्हीआरएम जळालेल्या बोर्डावर दुसरा चांगला प्रोसेसर बसवू नये. तोही जाण्याची शक्यता असते. उलट दिशेचा धोका कमी असतो, कारण घेणारा भाग शॉर्ट असला तर पहारा असलेला चांगला एसएमपीएस नुसता बंद होतो.

या नियमावरून क्रम आपोआप ठरतो. आधी सॉकेट, स्विच, केबल आणि एक्स्टेंशन बोर्ड तपासावा. मग प्लग काढून, पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज उतरवावी. सगळ्या डिस्क, ग्राफिक्स कार्ड आणि यूएसबीच्या वस्तू सोडवाव्यात. मीटर असेल तर नवा पुरवठा जोडण्याआधी बोर्डावरच्या १२ व्होल्टच्या जोडात आणि ग्राउंडमध्ये रोध मोजावा. जवळपास शून्य आला तर व्हीआरएम शॉर्ट आहे असं समजावं. इथं एक खबरदारी घ्यावी. प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिपच्या स्वतःच्या वाटेवरचा रोध मुळातच फार कमी असतो, म्हणून मोजमाप १२ व्होल्टच्या प्रवेशापाशीच करावं.

त्यानंतर खात्रीचा एसएमपीएस, बोर्ड, प्रोसेसर, कूलर आणि रॅमची एकच पट्टी, एवढ्यावर मशीन सुरू करावं. बायोसपर्यंत पोचलं की तिथले व्होल्टेजचे आकडे बघावेत, मेमटेस्ट चालवून रॅम तपासावी. ग्राफिक्स कार्ड त्यानंतर. डिस्क या मशीनला लगेच लावू नये. दुसऱ्या निरोगी संगणकावर यूएसबी अडॅप्टरनं जोडून आधी डेटा उतरवावा, मग तिच्या तब्येतीची स्मार्ट नोंद पाहावी. उत्साहात डिस्क पहिल्यांदा लावली जाते, कारण जीव तिच्यात अडकलेला असतो. त्याच कारणासाठी ती शेवटी लावायला हवी.

बदली एसएमपीएस मॉड्युलर, म्हणजे सुट्या केबलचा असेल तर एक सापळा फार वाईट आहे. जुन्या पुरवठ्याच्या केबल बोर्डाला आणि डिस्कांना आधीच जोडलेल्या असतात. त्या काढायचा कंटाळा येतो आणि नव्या पेटीला त्याच लावल्या जातात. डिस्ककडच्या टोकाचं मानक ठरलेलं आहे, पेटीकडच्या टोकाचं नाही. प्रत्येक कंपनी, कधी एकाच कंपनीची दोन मॉडेलंसुद्धा, तारांचा क्रम वेगळा ठेवतात. जोड घट्ट बसतो, पण ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊ शकतात. पहिल्या अपघातातून वाचलेल्या डिस्क अशा दुरुस्तीत मरतात. नव्या पेटीसोबत आलेल्याच केबल वापराव्यात, याला अपवाद नको.

आणि एसएमपीएसची पेटी स्वतः उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट राहू शकतात. हे काम ज्याला ते सुरक्षितपणे उतरवता येतं त्याचंच.

आपल्याकडची वीज

एसएमपीएस का गेला याचं कारण न शोधता नवा बसवला तर तोही त्याच वाटेनं जातो. महाराष्ट्रात ही कारणं पुन्हा पुन्हा दिसतात.

पहिलं, न्यूट्रल तुटणं. आपल्या वितरणात तीन फेज आणि एक न्यूट्रल असतो. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट, पण दोन फेजांमध्ये ४०० व्होल्टांच्या आसपास असतात. डीपीवर किंवा इमारतीच्या मीटर पेटीत न्यूट्रल सैल झाला की ज्या फेजवर भार कमी, त्या घरांत व्होल्टेज चारशेच्या दिशेनं चढतं. एकाच वेळी अनेक घरांतले टीव्ही, चार्जर आणि संगणक उडतात ते यामुळे. स्पाइक गार्ड क्षणभराच्या उसळीसाठी असतो. मिनिटभर टिकणाऱ्या जादा दाबापुढे त्यातला उसळी शोषणारा एमओव्ही तापून जळतो. यावर उपाय म्हणजे घराच्या डिस्ट्रिब्यूशन बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवणं, आणि दिव्यांची उघडझाप अचानक वाढली की महावितरणकडे लगेच तक्रार करणं.

दुसरं, अर्थिंग नसणं. संगणकाच्या कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, ही तक्रार घरोघर ऐकू येते. फिल्टरमधले दोन छोटे कपॅसिटर गळती अर्थकडे सोडण्यासाठी असतात. अर्थच नसेल, किंवा तीनपिनी प्लग दोनपिनी कन्व्हर्टरमधून लावला असेल, तर कॅबिनेट निम्म्या व्होल्टेजवर तरंगतं. करंट फार थोडा असतो, पण अशा अवस्थेत एचडीएमआय किंवा लॅनची केबल काढघाल केली की पोर्ट जाऊ शकतो. कित्येकदा त्याचा दोष एसएमपीएसवर ढकलला जातो.

तिसरं, वीज जाणं-येणं आणि इन्व्हर्टर. एटीएक्सप्रमाणे पुरवठ्यानं साधारण १६ मिलिसेकंद तग धरायला हवा. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं, म्हणजे हा अवधी एका आवर्तनाहूनही कमी. घरगुती इन्व्हर्टरला यूपीएस मोड आणि साधा मोड असे दोन पर्याय असतात. साध्या मोडमध्ये बदलायला जास्त वेळ लागतो आणि संगणक रीस्टार्ट होतो. मात्र इन्व्हर्टर तोच, मोड तोच आणि पूर्वी न होणारं रीस्टार्ट आता होऊ लागलं असेल, तर एसएमपीएसचे कपॅसिटर थकले असण्याची ही लवकर मिळालेली सूचना समजावी.

चौथं, वळवाची वीज. मे-जूनमध्ये मराठवाड्यात आणि विदर्भात कडाडणारी वीज फक्त मेनमधून येत नाही. ती लॅन आणि केबलच्या तारेनंही शिरते. त्या वाटेवर एसएमपीएस मध्ये येतच नाही, म्हणून पुरवठा ठणठणीत आणि बोर्ड मेलेला, असं दिसतं. ढग जमले की पॉवरचा प्लग आणि लॅनची केबल दोन्ही काढावीत. यात कोकणातली दमट खारी हवा, जाळीतून शिरणाऱ्या पाली आणि मुंग्या, आणि पंख्यावर बसलेला धुळीचा थर यांची भर पडतेच.

तीन जुने धडे

एटीएक्सच्या आधीच्या एटी संगणकांत बोर्डाला सहा-सहा तारांचे दोन जोड लागत, आणि त्यांची अदलाबदल होऊ शके. काळ्या तारा मध्ये शेजारी शेजारी, हा नियम पाठ नसलेल्यानं जोडले की बोर्ड जळे. एटीएक्सनं एकसंध, उलटा न बसणारा जोड आणून हा अपघात संपवला. चांगल्या आखणीनं चुकीची शक्यताच काढून टाकता येते, हे तेव्हा दिसलं; मॉड्युलर केबलच्या बाबतीत तो धडा अजून घेतला गेलेला नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची काही वर्षं सदोष द्रवाचे कपॅसिटर बाजारात आले आणि जगभरचे मदरबोर्ड व पुरवठे फुगून मेले. डेलच्या २००३ ते २००५मधल्या ऑप्टिप्लेक्स संगणकांना याचा मोठा फटका बसला आणि कंपनीनं त्यापोटी सुमारे ३० कोटी डॉलरचा खर्च दाखवला. एक स्वस्त सुटा भाग किती महागात पडतो, याचं हे मोठं उदाहरण.

तिसरा धडा २०२१चा. गिगाबाइटच्या ७५० आणि ८५० वॉटच्या दोन मॉडेलांतले पुरवठे चाचण्यांत फुटल्याचं समोर आलं. जादा भाराचा पहारा फार उशिरा जागा होत होता. कंपनीनं ती मर्यादा खाली आणली आणि बदलून देण्याची तयारी दाखवली. या पेट्यांवर ‘८० प्लस गोल्ड’ची मोहोर होती. ती मोहोर विजेचा किती भाग वाया जात नाही एवढंच सांगते. बिघाडाच्या क्षणी पेटी कशी वागेल, हे ती सांगत नाही. खरेदी करताना याच मोहोरेवर सर्वाधिक भरवसा ठेवला जातो, म्हणून हा फरक मनाशी पक्का धरायला हवा.

दुरुस्ती, खरेदी आणि दाद

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून पुण्याच्या तपकीर गल्लीपर्यंत कपॅसिटर बदलून एसएमपीएस चालू करून देणारे हात आहेत आणि त्यांचं कसब खरं आहे. जुन्या औद्योगिक यंत्राचा, न मिळणाऱ्या आकाराचा पुरवठा दुरुस्त करणं शहाणपणाचं ठरतं. पण रोजच्या संगणकाचा, कॅबिनेटसोबत आलेला पुरवठा उडाला असेल तर तो दुरुस्त करून पुन्हा मोलाच्या बोर्डाला जोडू नये. एक ट्रान्झिस्टर बदलला म्हणून नसलेला पहारा त्यात येत नाही.

नवा घेताना पेटीवरचा मोठा आकडा बाजूला ठेवावा आणि लेबलवर १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिलेत ते वाचावं. ‘४५० वॉट’ लिहिलेल्या पेटीवर १२ व्होल्टला १६ अँपिअर असतील तर प्रोसेसर आणि कार्डाला मिळणार फक्त १९२ वॉट. ५५० वॉटच्या चांगल्या पेटीवर ४५ अँपिअर, म्हणजे ५४० वॉट असतात. आजच्या मशीनचा जवळजवळ सगळा भार १२ व्होल्टवर असतो, त्यामुळे हा एक गुणाकार बरंच सत्य सांगतो. त्याच्या जोडीला पहाऱ्यांची पूर्ण यादी आणि वॉरंटीची वर्षं बघावीत.

गेलेल्या एसएमपीएसनं इतर भागांचं नुकसान केलं तर काय, हा प्रश्न ग्राहक सहसा विचारतच नाही. वॉरंटीच्या अटी बहुधा फक्त त्या पेटीपुरत्या असतात. पण जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९मध्ये उत्पादन दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आहे, आणि सदोष वस्तूमुळे दुसऱ्या मालमत्तेचं झालेलं नुकसान त्यातल्या हानीच्या व्याख्येत येतं. दोष सिद्ध करण्याचं ओझं ग्राहकावर असतं, म्हणून पुरावा जपावा: बिल, अनुक्रमांकाचा फोटो, जळालेल्या भागांचे फोटो आणि सील न तोडलेली मूळ पेटी. मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे आणि दाद जिल्हा ग्राहक आयोगाकडे मागता येते. प्रकरण मिटल्यावर ती पेटी भंगारात न देता अधिकृत ई-कचरा संकलनाकडे द्यावी.

या सगळ्या छाननीनंतर एक मागणी मात्र ठामपणे करावीशी वाटते. संगणक विकत घेताना कोटेशनवर प्रोसेसरचं, रॅमचं, कार्डाचं पूर्ण नाव आणि मॉडेल असतं. एसएमपीएसच्या जागी नुसतं ‘४५० वॉट’ किंवा ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’ लिहिलेलं असतं. ज्या भागाच्या हातात उरलेल्या सगळ्या भागांचा जीव आहे, तोच निनावी राहतो. शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायत, लहान कार्यालय, घर, कुणीही संगणक घेत असो, बिलावर एसएमपीएसची कंपनी, मॉडेल आणि १२ व्होल्टचे अँपिअर लिहून मागावेत. ते लिहायला दुकानदार तयार नसेल तर ते मशीन घेऊ नये.